पंधरा रेषा

दहा रुपयांच्या एका नाण्यावरून कालपासून माझे डोके तापलेले आहे. साताऱ्यात आमच्या पेठेतल्या किराणा दुकानात जिऱ्याच्या पुडीचे पैसे देताना मी दहाची एक नोट आणि दहाचे एक नाणे पुढे केले. दुकानदाराने नोट गल्ल्यात टाकली आणि नाणे एका बोटाने माझ्याकडे परत सरकवत तो म्हणाला, “हे चालत नाही.”

मी शांतपणे सांगितले की दहाच्या नाण्यांची चौदाही रूपे वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केले आहे, आणि २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे हजार रुपयांपर्यंतचे देणे नाण्यांत चुकते करता येते. “तुमचे बरोबर आहे हो,” दुकानदार म्हणाला, “मी घेईनही. पण माझ्याकडून पुढे कोण घेणार?”

शहाण्या माणसाने जिऱ्याची पुडी उचलून चालू लागावे ती वेळ हीच, कारण जो समोरचा आपले म्हणणे आधीच मान्य करून बसला आहे, त्याला आणखी काय पटवून देणार? माझ्या मागच्या बाईंनी तेवढ्यात मोबाइलने पैसे भरून साखर नेलीसुद्धा. मी मात्र पुढचे कलम आठवत उभा राहिलो आणि नेमके तेव्हाच शेजारी रव्यासाठी थांबलेले, हेल्मेट न काढलेले एक गृहस्थ म्हणाले, “बघू.”

त्यांनी नाणे उजेडात धरले, फरशीवर आपटून त्याचा आवाज ऐकला आणि का कोण जाणे, त्याचा वासही घेतला. मग ते नाण्यावरच्या रेषा मोठ्याने मोजू लागले. दहा रेषांचे नाणे खरे आणि पंधरा रेषांचे खोटे, असे त्यांच्या मेहुण्याने व्हॉट्सॲपवर पाठवले होते. अकराव्या रेषेला मी काहीतरी बोललो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे रागाने पाहिले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.

“पंधरा,” अखेर त्यांनी निकाल दिला. “खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण खरे आहे, हे तुम्ही तरी कशावरून म्हणता?”

मी मोबाइलवर रिझर्व्ह बँकेचे पत्रक उघडून दाखवले. “मोबाइलवर काय, काहीही येते,” मेहुण्याचा निरोप त्याच उपकरणावर वाचलेले ते गृहस्थ म्हणाले. नाण्यांविषयीच्या शंकांसाठी बँकेने १४४४० हा क्रमांक दिला होता आणि त्यावर ध्वनिमुद्रित माहिती मिळे, असेही मी सांगून पाहिले.

“म्हणजे तिथे माणूस नाहीच?”

“नाही.”

“मग खात्री कोण देणार?” असे म्हणून त्यांनी आवाज खाली आणला. “रिझर्व्ह बँकेत तुमचे कोणी आहे का?”

तशी पंचवीस पैशांची चलनबंदी ३० जून २०११ पासून सरकारने स्वतः केली, आठ आण्यांची मात्र लोकांनी परस्पर केली. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अजूनही चालते, पण ते भिकाऱ्याच्या हातावर ठेवले तर तोही परत देईल. दुकानदाराचा राग मला समजतो. नाण्यांची पिशवी घेऊन बँकेत गेले की खिडकीतला माणूस मान वर करत नाही, आणि नाणी स्वीकारा असे रिझर्व्ह बँकेने कितीदा बजावले तरी ती मान वर होत नाही. पण हाच दुकानदार दोन रुपये सुटे नसले की माझ्या हातावर निमूटपणे चॉकलेट ठेवतो. चॉकलेट चलनात कधी आले, कोणत्या कायद्याने आले आणि त्याच्यावर रेषा किती, हे त्या हेल्मेटवाल्याने एकदा तरी विचारावे! चॉकलेट कागदासकट चालते आणि भारत सरकारच्या टांकसाळीत पाडलेले, सिंहमुद्रा असलेले माझे नाणे मात्र वास घेऊन तपासले जाते, याची चीड येऊ नये तर काय व्हावे?

शेवटी मीही मोबाइल काढला, वीस रुपये भरले आणि माझी नोट व नाणे परत मागितले. दुकानदाराने नोट दिली. नाणे अजून गृहस्थांच्या मुठीत होते. ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, “पाच रुपयांना देता का?”

मी उत्तर देण्याआधीच दुकानदार म्हणाला, “सहा.”