पाचच्या कोपऱ्यातला चरा

माझ्या नव्या घड्याळाला पडलेला पहिला ओरखडा मला दिसला, तेव्हा दुपारचे बारा वाजून चोपन्न मिनिटं झाली होती. ही वेळ मी मोबाइलवर बघितली. घड्याळ घेतल्यापासून मी दिवसातून साठ-सत्तर वेळा मनगटाकडे बघत होतो, पण किती वाजले हे बघायचं त्यात राहूनच जायचं. काटे बघायचो, काट्यांच्या कडा बघायचो, मनगट वळवलं की तबकडीचा निळा रंग काळा कसा होतो ते बघायचो. कुणी मध्येच ‘किती वाजले?’ म्हणून विचारलं की परत पहिल्यापासून बघावं लागायचं.

किंमत सांगत नाही. घरातही खरी सांगितलेली नाही. जो आकडा घरी सांगितलाय तो ऐकूनसुद्धा बायको दोन दिवस कामापुरतंच बोलत होती, त्यावरून काय तो अंदाज बांधा.

साडेपाच आठवडे मी ते तळहातावरच्या फोडासारखं जपलं. तळहात आणि मनगट यांत अंतर ते किती, त्यामुळे हा वाक्प्रचार इतका चपखल क्वचितच कुणाला लागू पडला असेल. दाराच्या चौकटीतून जाताना डावा हात छातीशी घ्यायचो. ऑफिसात दोघांनी ‘प्लास्टर कधी काढलं?’ म्हणून विचारलं. लॅपटॉपची धातूची कड आणि पट्ट्याचं बकल यांचं हाडवैर असतं, म्हणून टेबलावर रुमालाची घडी ठेवून त्यावर मनगट टेकवायचो. डाव्या हाताला सगळ्या कामांतून निवृत्ती दिली होती. पिशव्या उजव्या हातात, दार उजव्या हाताने, लिफ्टचं बटण उजव्या हाताने. महिन्याभरात उजवा खांदा धरला. डॉक्टरांनी विचारलं, “काही जड उचललंत का?” आता, जड वस्तू दुसऱ्या हातात होती, हे त्यांना कसं सांगणार?

आणि हे घड्याळ आहे कसलं, तर पाणबुड्यांचं. तीनशे मीटरपर्यंतचा पाण्याचा दाब सोसेल असं तबकडीवरच छापलंय. मी ते हात धुताना काढून ठेवायचो.

तर चरा. घड्याळाच्या केसला, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाला, पट्टा अडकवायला चार कोपऱ्यांत चार शिंगं असतात. त्यांतलं पाच वाजायच्या बाजूचं शिंग. वरचा भाग ब्रश फिनिशचा, म्हणजे पावसाच्या सरी याव्यात तशा एका दिशेने गेलेल्या अगदी बारीक रेघा. कडेला आरशासारखी घासलेली अरुंद तिरकी पट्टी. दोन्ही जिथे मिळतात तिथे सुरीसारखी धार. हा चरा त्या पट्टीवर सुरू होऊन, धार ओलांडून, सरींना आडवा जाऊन थांबला होता. लांबी तीन मिलिमीटर. मुलाच्या कंपासपेटीतल्या पट्टीने मोजली.

आधी वाटलं, डोक्यावरचा केस असेल. फुंकर मारली. मग वाटलं, रुमालाचा धागा असेल. रुमालाने पुसलं. मग अंगठ्याला थुंकी लावून चोळलं. संकटात माणूस संस्कार विसरतो. मग आठवलं, की घड्याळाच्या काचेवर पुष्कळदा जो ओरखडा वाटतो तो ओरखडा नसतोच. अशा भारी घड्याळांची काच बहुतेकदा नीलमाची, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या नीलमाची असते आणि ती इतकी टणक असते, की तिच्यावर घासणाराच स्वतःचा थोडा धातू तिथे सोडून जातो. साध्या खोडरबरने तो निघतो. हे अगदी खरं आहे, पण काचेपुरतं. मी ते स्टीलवर करून पाहिलं. खोडरबर झिजलं.

शेवटी नख फिरवलं. नख अडकलं.

“अगं, इकडे ये जरा!”

आवाज असा निघाला की ती हातातलं टाकून धावत आली. मी मनगट पुढे केलं.

“काय झालं? कापलं का?”

“कापलं नाही. चरा पडलाय.”

तिने चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. “कुठे?”

“हे काय, पाचच्या कोपऱ्यात.”

“अहो, इथे तर रेघाच रेघा आहेत. त्यातली तुमची कुठली?”

मी समजावलं, की त्या सगळ्या उभ्या रेघा कंपनीने मारल्यात. त्यांचे आपण पैसे मोजलेत. ही आडवी रेघ मात्र आपोआप पडलीय.

“म्हणजे कंपनीच्या शेकडो ओरखड्यांचे पैसे दिलेत,” ती म्हणाली, “आणि हा एकच फुकट मिळाला, तर त्याच्यासाठी मला हाक मारलीत?”

या बाईशी मी संसार केला.

मित्राला फोन केला. त्याच्याकडे तीन भारी घड्याळं आहेत, म्हणजे दुःख कळणारा माणूस. तो म्हणाला, “अभिनंदन! आता खऱ्या अर्थाने घड्याळ तुझं झालं.” या छंदातला प्रत्येक जण पहिल्या ओरखड्याला हे वाक्य म्हणतोच, आणि नेहमी दुसऱ्याच्या घड्याळाबद्दल म्हणतो. त्याची स्वतःची तिन्ही घड्याळं मखमली डब्यात निजलेली असतात. मी विचारलं, “तुझी अजून तुझी झाली नसतील, तर येऊ का उद्या किल्ली घेऊन?” त्याने मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला.

रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो. १८१२ साली फ्रीडरिश मोहस नावाच्या खनिजतज्ज्ञाने पदार्थांच्या टणकपणाची उतरंड मांडली. कोण कुणाला ओरखडू शकतं, एवढाच तिचा निकष. सर्वांत वर १० नंबरला हिरा, ९ वर नीलमाचं घराणं, ७ वर क्वार्ट्झ. घड्याळातलं ते नावाजलेलं ३१६एल स्टील कुठे बसतं? पाच-सहाच्या आसपास. आणि क्वार्ट्झ म्हणजे तरी काय? साधी वाळू. घरातल्या धुळीत जे बारीक कण असतात, त्यांतले कित्येक हेच. म्हणजे ज्या रुमालाने मी साडेपाच आठवडे ते प्रेमाने पुसत होतो, त्या रुमालावरची धूळसुद्धा त्याच्यापेक्षा टणक होती. ‘स्टेनलेस’ शब्दाचा अर्थही तेव्हाच नीट लक्षात आला. डाग पडणार नाही, गंज चढणार नाही, एवढंच त्यात कबूल केलंय. ओरखड्याबद्दल कुणी एक अक्षर दिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तपास सुरू केला. संशयितांची यादी केली: नळ, कपाटाची कडी, गाडीच्या सीटबेल्टचं बकल, बायकोच्या बांगड्या. शेवटचं नाव तिला कळल्यावर खोडलं. प्रत्येक जागी जाऊन हात पूर्वी जसा नेत असे तसा हळूहळू नेऊन पाहिला. घड्याळ अर्थात काढून ठेवलेलं होतं. मुलगा हे बराच वेळ बघत होता.

“बाबा, गर्दीत तुम्ही डावा हात कायम खिशात का घालता?”

“घड्याळाला कुणाचा धक्का लागू नये म्हणून.”

“मनगटापर्यंत?”

“मनगट आत नको? घड्याळ मनगटालाच असतं.”

“आणि त्या खिशात काय असतं?”

मी खिशात हात घातला. किल्ल्या वाजल्या. घराच्या दोन, कपाटाची एक, ऑफिसच्या ड्रॉवरची एक आणि एक कशाची आहे हे कुणालाच माहीत नाही ती. हात खिशात शिरताना पुढे कोण असतं? तिनाची आणि पाचची बाजू. साडेपाच आठवडे जगापासून वाचवायला म्हणून मी घड्याळाला रोज नेमाने त्या जुडग्यावर नेऊन घासत होतो. चरा एकच कसा पडला, हेच नवल.

मला वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. घड्याळांच्या जगात ओरखडे पडतात, फुटतूट होते, पण तिला काही प्रतिष्ठा असते. पोलो खेळताना चेंडू आणि काठ्या लागून घड्याळाच्या काचा फुटायच्या, म्हणून १९३१ साली रिव्हर्सो नावाचं घड्याळ निघालं. त्याची केस सरकवून उलटी करायची, तबकडी आत, स्टीलची पाठ बाहेर. मग घोडा, चेंडू, काठी काय वाटेल ते येऊ दे. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा अंतराळवीर बझ आल्ड्रिनच्या मनगटावर ओमेगा स्पीडमास्टर होतं. त्याची काच नीलमाची नव्हतीच, साध्या प्लास्टिकची होती. तिला नुसत्या बघण्यानेही ओरखडे पडत असतील, पण फुटली तर तिच्या ठिकऱ्या यानात तरंगणार नाहीत, म्हणून तीच बरी. त्या घड्याळावर चंद्राची धूळ बसली असेल. माझ्या घड्याळाला कुणी विचारलं, ‘हे कुठे लागलं?’ तर मी काय सांगू? खिशात?

मी हे घरात बोलून दाखवलं. मुलाने लगेच मोबाइलवर शोधून सांगितलं, की आल्ड्रिनचं ते घड्याळ पुढे संग्रहालयाकडे पाठवताना वाटेत हरवलं.

“बघा,” बायको म्हणाली, “तो चंद्रावर जाऊन आला, त्याचं घड्याळच गेलं. तुम्ही ऑफिसला जाऊन आलात, तुमचं शिंग खरचटलं. हिशेब बरोबर आहे.”

मग मोह झाला घरच्या घरी पॉलिश करण्याचा. धातू उजळायचं औषध लावलेलं फडकं मिळतं, ते आणलं. आधी चमच्यावर प्रयोग केला. चमचा आरशासारखा झाला, त्यात माझा चेहरा दिसला आणि त्या चेहऱ्याच्या हाती घड्याळ द्यावं असं मला वाटेना. शिवाय वाचलं होतं की पॉलिश म्हणजे ओरखडा भरणं नव्हे. ओरखड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा सगळा धातू खरवडून काढायचा, म्हणजे खड्डा उरत नाही. गावच खाली आणायचं, मग विहीर दिसत नाही! दोन-चारदा असं केलं की धारा बोथट होतात, शिंगं वापरलेल्या साबणासारखी गुळगुळीत होतात. जुन्या घड्याळांच्या लिलावात ‘कधीही पॉलिश न केलेलं’ हे म्हणूनच मिरवून सांगतात. आणि ब्रश फिनिशवर असं फडकं घासलं, तर पावसाच्या सरींच्या मध्येच एक चकचकीत डबकं तयार होतं. चमचा मी ड्रॉवरमध्ये परत ठेवला. तो आता बाकीच्या चमच्यांत विजोड दिसतो.

शेवटी एका घड्याळजीकडे गेलो. वयस्कर गृहस्थ, कपाळावर भिंग सरकवून ठेवलेलं, टेबलावर हिरवं कापड. मी घड्याळ दोन्ही हातांनी पुढे केलं आणि आवाज खाली आणून म्हटलं, “पहिलाच आहे.”

ते काही बोलले नाहीत. भिंग डोळ्यात बसवलं, घड्याळ उजेडात तिरकं धरलं, सावकाश एक फेरा फिरवलं, बकल उघडून आतून बघितलं आणि एका चिठ्ठीवर लिहायला लागले. काम हातात घेण्याआधी घड्याळाची स्थिती लिहून ठेवायची पद्धत असते, नंतर वाद नकोत म्हणून. मी उलटं वाचलं. ‘केस व बकल: ओरखडे ९.’

“नऊ?” मी खुर्चीत पुढे सरकलो. “नाही हो. एकच आहे.”

त्यांनी भिंग काढून माझ्या हातात दिलं. मी डोळ्यात बसवायचा प्रयत्न केला, दोनदा पडलं, तिसऱ्यांदा बसलं. ते पेन्सिलीच्या टोकाने दाखवत गेले. बकलवर चार, लॅपटॉपचे. नवाच्या बाजूला एक. सातच्या शिंगामागे दोन, पट्टा बदलताना हत्यार घसरल्याचे. मागच्या झाकणावर एक, आणि वेळ लावायच्या चावीच्या खाली एक. मोजले. बरोबर नऊ.

मी पाचच्या कोपऱ्याकडे भिंग वळवलं. माझा होता तिथेच. धार ओलांडून सरींना आडवा गेलेला.

“हा तुम्ही धरलाच नाहीत,” मी म्हटलं.

त्यांनी भिंग परत घेतलं, वाकून बघितलं, जरा थांबले. “हा होय,” ते म्हणाले. “हा काही नाही. हा सोडून द्या.”

“सोडून कसा द्या? दहा लिहा,” मी म्हटलं. “आणि तो सगळ्यात वर लिहा.”