‘लेस’ आणि ‘फ्यूअर’: तो संदेश अर्धाच खरा आहे

इंग्रजी सुधारण्याचा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं: मोजता येतं त्याला ‘फ्यूअर’, मोजता येत नाही त्याला ‘लेस’. हा इंग्रजीचा मूळ नियम. अर्थ दोन्हींचा एकच, पण ‘लेस’पुढे अनेकवचन आलं की वाक्य चूक. आणि मराठीत दोन्हींना एकच ‘कमी’ असल्यामुळे आपण इथे हमखास चुकतो.

मी मुलांना इंग्रजी शिकवते. एका विद्यार्थिनीने हे वाचून निबंधातलं ‘लेस दॅन फाइव्ह किलोमीटर्स’ खोडलं आणि ‘फ्यूअर’ लिहिलं. बरोबर होतं तेच तिने बिघडवलं, म्हणून हे लिहायला बसले.

किलोमीटर मोजता येतात, खरंय. पण ती पाच सुटे किलोमीटर मोजत नव्हती, घरापासून शाळेपर्यंतचं एक अंतर सांगत होती. अंतर, वेळ, पैसा, वजन यांत आकडा अनेकवचनी असला तरी मनात एकच राशी असते. म्हणून ‘लेस दॅन टू आवर्स’, ‘लेस दॅन ५०० रुपीज’. ही जाण मराठीला परकी नाही. ‘दोन लिटर दूध सांडलं’ असंच आपण म्हणतो. आकडा दोन, क्रियापद एकवचनी, कारण सांडलं ते दूध.

आता ‘मूळ नियम’. नवव्या शतकातल्या, इंग्लंडमधल्या राजा आल्फ्रेडच्या इंग्रजी गद्यातच ‘लेस’चं जुनं रूप शब्दांच्या संख्येसाठी आलेलं आहे. तेव्हाची रचना षष्ठीची होती, साधारण ‘शब्दांचं कमी’ अशी. पुढे विभक्तीचे प्रत्यय झडले आणि ‘लेस वर्ड्स’ उरलं. हा भेद पाळावा असं लिहिलेलं सापडतं ते थेट १७७० मध्ये, रॉबर्ट बेकर यांच्या इंग्रजी भाषेवरच्या पुस्तकात. त्यांनीही ‘नो फ्यूअर दॅन अ हंड्रेड’ मला अधिक डौलदार आणि अधिक योग्य वाटतं, अशाच सुरात ते मांडलं होतं. पुढच्या व्याकरणकारांनी त्या पसंतीचा कायदा केला.

मराठी माणसाला दिलेला दोष तर मला मुळीच मान्य नाही. ब्रिटनमध्ये टेस्कोच्या दुकानांत, थोडंच सामान घेणाऱ्यांसाठीच्या काउंटरवरच्या ‘टेन आयटेम्स ऑर लेस’ या पाटीवर इतकी टीका झाली, की २००८ मध्ये त्यांनी ‘अप टू टेन आयटेम्स’ हे शब्द घेतले. ती पाटी काही मराठीतून विचार करून लिहिलेली नव्हती. शिवाय उलट दिशेला इंग्रजीतही एकच शब्द आहे: ‘मोर वॉटर’, ‘मोर बुक्स’. संख्येसाठी पूर्वी ‘मो’ हा निराळा शब्द होता, तो मागे पडला. कुणाचं काही अडलं नाही.

संदेशातलं खरं तेही सांगते. ‘फ्यूअर मिल्क’ कुणीच म्हणत नाही. आणि परीक्षेत, अर्जात, औपचारिक लेखनात ‘फ्यूअर स्टुडंट्स’च लिहा. तिथे ‘लेस स्टुडंट्स’ खटकतं आणि गुण जातात.

मात्र अर्थ एकच, हे अजिबात नाही. ‘लेस’ विशेषणाला जाऊन चिकटू शकतो, ‘फ्यूअर’ नाही. ‘फ्यूअर एक्सपिरियन्स्ड डॉक्टर्स’ म्हणजे अनुभवी डॉक्टरांची संख्या कमी. ‘लेस एक्सपिरियन्स्ड डॉक्टर्स’ म्हणजे सहसा कमी अनुभवाचे डॉक्टर, मग ते शंभर का असेनात. तो संदेश वाचून अनेकवचन दिसताच इथे ‘फ्यूअर’ घातलं, तर व्याकरण जागेवर राहील आणि बातमी बदलेल.