दुबई बघायची तर खाडीकडून सुरुवात करा

दुबईहून परतलेल्या मराठी माणसाचं मत बहुतेक वेळा ठरलेलं असतं. "छानच आहे हो. रस्ते काय, स्वच्छता काय! पण सगळं कृत्रिम. इतिहास नाही, संस्कृती नाही. तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो." एवढं बोलून खजुराचा डबा पुढे केला जातो.

मला हे मत अजिबात पटत नाही. सहलीचा कार्यक्रमच असा आखलेला असतो की दुसरं काही वाटूच नये. सिटी टूर म्हणजे बुर्ज अल अरब हॉटेलसमोर गाडी थांबवून पंधरा मिनिटं फोटो. मग पाम जुमेराचं कृत्रिम बेट, मग मॉल, दुसऱ्या दिवशी वाळवंटात जीप उड्या मारणार आणि रात्री तंबूत बार्बेक्यू. खाडीकाठचं जुनं शहर यात आलंच तर तासाभरापुरतं, आणि त्यातला बराचसा तास मार्गदर्शकाच्या ओळखीच्या दुकानात जातो. दुबई जिथे सुरू झाली ती जागा वगळून बघायची आणि वर म्हणायचं, इतिहास नाही!

मुळात हे बंदराचं आणि बाजाराचं गाव. आधी मोत्यांवर जगलं. इथले मोती मुंबईच्या बाजारात यायचे आणि तिथून जगभर जायचे. १९३० च्या दशकात जागतिक मंदी आली, जपानचे संवर्धित मोती आले आणि तो धंदा बसला. मग व्यापार. खाडी गाळाने भरत होती, ती दुबईचे तेव्हाचे शासक शेख रशीद यांनी कर्ज काढून उपसून घेतली, म्हणजे मोठी जहाजं आत येतील. दुबईत तेल सापडलं ते १९६६ मध्ये, खाडीचं हे काम त्याच्या आधीचं. पोर्ट रशीद १९७२ चं, जेबेल अलीचं बंदर १९७९ चं, एमिरेट्स विमान कंपनी १९८५ ची. तेलाचा पैसा आला, त्याने वेग आला हे खरंच. पण "वाळवंटात तेल लागलं म्हणून शहर उभं राहिलं" ही आपल्याकडची आवडती गोष्ट दुबईच्या बाबतीत अर्धीच आहे. तेल तिथे शेजारच्या अबूधाबीच्या मानाने नेहमीच कमी होतं.

आणि या बाजाराचं दुसरं टोक मुंबईत होतं. १९०९ मध्ये दुबईत टपाल कचेरी उघडली ती भारतीय टपाल खात्याची. चलन आपला रुपया. १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या, कारण तिथून सोनं चोरून भारतात यायचं आणि त्यापायी आपली परकीय गंगाजळी आटायची. १९६६ च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि दुबईनेही रुपया सोडला. दिरहम आला १९७३ मध्ये. साठ-सत्तरच्या दशकांत दुबईहून सोन्याची बिस्किटं घेऊन निघणारी गलबतं आणि कोकण-मुंबईच्या किनाऱ्यावर होणारी उतरवणी यावर आपल्याकडे किती सिनेमे निघाले ते सांगायला नको. त्यानंतर रत्नागिरी, खेड, दापोलीकडच्या कितीतरी घरांतून माणसं आखातात नोकरीला गेली. कोकणात आजही एखाद्या टोलेजंग घराकडे बोट दाखवून "दुबईच्या पैशाचं" म्हणतात. बुर्ज खलिफाच्या रांगेत उभं राहून "आपला यांच्याशी काय संबंध" म्हणणाऱ्यांनी हे जरा आठवावं.

तर माझं म्हणणं: पहिली सकाळ खाडीवर घालवा. मेट्रोच्या ग्रीन लाइनने अल घुबैबाला उतरा. अल फाहिदीच्या गल्ल्यांतून चाला. घरांवर जे चौकोनी मनोरे दिसतात ते वारा पकडून खाली खोलीत सोडतात. वीज नव्हती तेव्हाचा हा बंदोबस्त, इराणहून आलेल्या व्यापाऱ्यांनी आणलेला. यातला निम्मा मोहल्ला नव्या बांधकामांसाठी पाडला गेला, उरलेलाही जायचा होता. एका ब्रिटिश वास्तुविशारदाने खटपट केली, १९८९ मध्ये तेव्हाचे युवराज चार्ल्स तिथे येऊन गेले आणि तो वाचला. जवळच फाहिदीचा किल्ला आहे, १७८७ चा. पुढे कापडबाजारात सिंधी आणि कच्छी दुकानं, आणि एका बोळात चक्क झेंडूचे हार, उदबत्त्या, कुंकू.

मग अब्रा, म्हणजे लाकडी होडी. एक दिरहम भाडं. तिकीट नाही, रांग नाही, होडी भरली की सुटते. शेजारी बांगलादेशी कामगार, केरळी कारकून, इराणी म्हातारा आणि तुम्ही. पाच-सात मिनिटांत पलीकडे देरा. दुबईतली इतकी स्वस्त आणि इतकी चांगली गोष्ट दुसरी नाही, आणि नेमकी तीच पॅकेजमध्ये नसते. कारण उघड आहे, एक दिरहमात कमिशन कोणाला काय मिळणार! त्याऐवजी तुम्हाला दिव्यांच्या माळा लावलेल्या क्रूझवर नेऊन पनीर बटर मसाला वाढतात.

देऱ्याच्या धक्क्यावर अजूनही लाकडी गलबतं लागतात. टायर, फ्रिज, खोकी, पोती, सगळं उघड्यावर रचलेलं, इराणला किंवा सोमालियाला जायचं. मला हे दृश्य मॉलमधल्या मत्स्यालयापेक्षा जास्त आवडतं. घरच्यांना नाही आवडलं, ते मसाल्याच्या बाजारात पुढे गेले. तिथे केशर, वाळलेली काळी लिंबं, गुलाबकळ्या, ओमानचा लोबान. दुकानदार तुमचा चेहरा पाहून हिंदीत सुरू होतो. सांगेल त्याच्या निम्म्याने मागा, तो रागावत नाही. न मागितलंत तर उलट त्याला चुकल्यासारखं वाटेल.

सोन्याचं मात्र नीट समजून घ्या. दर रोज जाहीर होतो आणि सगळीकडे जवळपास तोच असतो, घासाघीस करायची ती घडणावळीवर. पण २०२४ च्या जुलैमध्ये आपल्याकडचं आयात शुल्क १५ टक्क्यांवरून ६ वर आलं तेव्हाच "दुबईचं सोनं स्वस्त" यातली बरीच हवा गेली. शिवाय बायकांना ४० ग्रॅम, पुरुषांना २० ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणता येतात असं जे व्हॉट्सअॅपवर फिरतं, ती सवलत वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. आठवड्याच्या सहलीला गेलेल्या माणसाला ती लागू नाही. हे दुकानदार सांगत नाही, सहलवालाही सांगत नाही.

खरेदीवर ५ टक्के व्हॅट असतो. २५० दिरहमच्या वर बिल असेल तर बराचसा परत मिळतो, पण दुकानातच पासपोर्ट दाखवून नोंद करून घ्यावी लागते. विमानतळावर आठवलं तर उपयोग नाही.

खाण्याच्या बाबतीत आपण जास्तच अन्याय करतो. दुबईला जाऊन रोज रात्री पुरी-भाजी आणि आमरस! ज्येष्ठांची सोय म्हणून ठीक. घरची आठवण फारच आली तर धनंजय दातारांच्या अल अदीलच्या दुकानात भाजणी आणि पापडही मिळतील. पण निदान एकदा न्याहारीला बलालीत खाऊन बघा: वेलची-केशर घातलेल्या गोड शेवया आणि वर चक्क ऑम्लेट. ऐकून नाक मुरडलंत ना? माझंही मुरडलं होतं, पण ताटली पुसून खाल्ली. लुकैमात म्हणजे खजुराच्या पाकातले गरम भजीसारखे गोळे, ते शाकाहारींनाही चालतात. सत्वा भागात १९७८ पासून रवी नावाचं पाकिस्तानी हॉटेल आहे, फुटपाथवरच्या टेबलांवर दाल-रोटीही मिळते. करामा भागात केरळ, आंध्र, पंजाब, सगळं एका रस्त्यावर. आणि टपरीवरचा करक चहा मॉलमधल्या कॉफीच्या दहाव्या हिश्श्यात येतो.

बुर्ज खलिफा बघू नका असं मी म्हणत नाही. ८२८ मीटर आहे तो, मान दुखेपर्यंत बघाच. फक्त सूर्यास्ताच्या वेळचं महाग तिकीट काढण्याआधी विचार करा, कारण वर गेल्यावर सगळं दिसतं, बुर्ज खलिफा सोडून. खाली कारंजी संध्याकाळी फुकट असतात. एक गंमत: रमजानात वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी रोजा दोन-तीन मिनिटं उशिरा सोडावा असं तिथल्या धर्मपंडितांनी सांगितलं होतं, कारण इतक्या उंचीवरून सूर्य जास्त वेळ दिसतो.

ज्यांनी हे सगळं बांधलं ते मात्र कुठल्याच फोटोत येत नाहीत. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे, यावरून ऊन काय असेल याचा अंदाज करा. सुट्टीच्या संध्याकाळी देऱ्यात नैफच्या आसपास हीच माणसं घरी पैसे पाठवायला रांगेत दिसतात. त्यांच्याशी बोला. हिंदी बहुतेकांना येतं, आणि शहराबद्दल ते जे सांगतात ते कुठल्याही मार्गदर्शकाकडे नसतं. कौतुकही करतात आणि शिव्याही देतात.

आणि कृपा करून मे महिन्यात जाऊ नका. शाळांना सुट्टी असते, पॅकेज स्वस्त असतं, ते का स्वस्त असतं ते विमानातून उतरल्यावर कळतं. खाडीकाठी दुपारी चालणं अशक्य, मग मॉलशिवाय उरतं काय? दिवाळीनंतर जा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. थोडे पैसे जास्त जातील, ते क्रूझ रद्द करून भरून काढा.