चिठ्ठीत नाव निघालं, आता?

परवा भाजी घेताना शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका आईनं गाठलं. "तुम्ही होतात ना मागच्या वर्षी पीटीएत? माझं नाव टाकू का चिठ्ठीत?" एका हातात मेथी, दुसऱ्या हातात मोबाइल, त्यामुळे तिथं "टाका की" एवढंच म्हणून निघाले. बाकीचं इथं लिहिते. शाळा नुकत्याच सुरू झाल्यात, बऱ्याच जणांच्या डोक्यात हाच प्रश्न असणार.

आमची शाळा खासगी. तिथं पालक-शिक्षक संघाच्या, म्हणजे पीटीएच्या, समितीवरचं पद निवडणुकीनं मिळत नाही. 2011च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पालक-शिक्षक संघ स्थापन व्हावा लागतो. प्रत्येक मुलाचे पालक त्याचे सभासद असतातच. कार्यकारी समितीवर जायला तयार असणाऱ्यांच्या चिठ्ठ्या टाकतात. अध्यक्ष मुख्याध्यापक, सचिव शिक्षक, आणि उपाध्यक्ष पालकांतून. (जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, अध्यक्षही पालकच. तो हिशोब वेगळा.) आमच्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात तिसरीतल्या एका पोरानं हात घातला आणि माझी चिठ्ठी बाहेर आली. घरी नवऱ्यानं लगेच "या उपाध्यक्षबाई" सुरू केलं. मला कुणी मत दिलं नव्हतं, फक्त नशिबानं उचललं होतं. म्हणजे पालकांचं म्हणणं काय आहे हे मलाच फिरून शोधायला लागणार होतं.

मी आधी चूक केली. वाटलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वाचला की पालकांचं म्हणणं कळलं. गॅदरिंगच्या ड्रेसच्या भाड्यावरून एका रात्रीत 140 मेसेज पडले होते. मी सगळे वाचले, मुद्दे काढले आणि सभेत तावातावानं मांडले. भाडं थोडं कमी झालं. ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींचा पाऊस पडला. मी खूश.

त्याच आठवड्यात शाळेत कसली तरी सही करायला गेले होते. मधली सुट्टी चालू होती. व्हरांड्यात पुसत असलेल्या मावशी मला ओळखत होत्या. फडकं बादलीत पिळता पिळता म्हणाल्या, "ताई, वरच्या मजल्यावरच्या पोरी दिवसभर पाणी पीत नाहीत. का ते विचारा त्यांना."

विचारायची गरजच पडली नाही. वर गेले तर दोन मुली स्वच्छतागृहाच्या दाराशी उभ्या. एक आत जाणार होती, दुसरी बाहेरून दार ओढून धरणार होती. पाच दारं आणि एकालाही आतून धड कडी नाही. दोन ठिकाणी कडीच्या जागी नुसती भोकं, एका ठिकाणी सुतळी बांधलेली. सातवी-आठवीतल्या मुली या. कधीपासून असं आहे, विचारलं, तर एकीनं खांदे उडवले. 140 मेसेजमध्ये यावर एक ओळ नव्हती. मुलींनी घरी सांगितलं नव्हतं, आणि ज्यांनी सांगितलं असेल त्यांच्या आयांना ग्रुपवर लिहायला अवघड वाटलं असणार.

तेव्हापासून मी एक पद्धत ठेवली. महिन्यातून दोनदा मधल्या सुट्टीत शाळेत जायचं, मावशींशी, व्हॅनवाल्या काकांशी, वॉचमनशी बोलायचं. ग्रुपवर काय चाललंय ते संध्याकाळी एकदाच बघायचं. माझ्या मते पीटीए चालवणं म्हणजे निम्म्याहून जास्त हेच काम आहे. सभा, ठराव, भाषणं नंतर.

कड्यांचं काय झालं? तोंडी सांगितलं तेव्हा "बघतो मॅडम". पुन्हा सांगितलं, पुन्हा "बघतो". मग साध्या कागदावर चार ओळींचं पत्र दिलं. कोणता मजला, किती दारं, कधीपर्यंत. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतली. पोच मागितल्यावर क्लार्कनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी शाळेची किल्ली मागतेय. सहाव्या दिवशी सुतार आला. शाळा वाईट होती असं मी म्हणणार नाही. तोंडी गोष्ट हवेत राहते, इतकंच. सभेचं इतिवृत्तही मी दर वेळी वाचूनच सही केली आणि "चर्चा झाली" लिहिलं असेल तिथं काय ठरलं ते लिहून मागितलं.

फीचा विषय निघाला तेव्हा हीच सवय उपयोगी पडली. पुढच्या वर्षीच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू व्हायच्या सहा महिने आधी समितीपुढे यावा लागतो आणि समितीला निर्णयासाठी 30 दिवस असतात. आमच्याकडे तो समोशाच्या प्लेटबरोबर आला आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीनं फुली मारून "इथं सही" असं दाखवलं गेलं. मी म्हटलं, हिशोबाच्या प्रती द्या, आम्ही घरी वाचतो, पुढच्या सभेत बोलू. खोलीत जरा शांतता पसरली. पण समितीत एक बँकेतले बाबा होते. त्यांनी आठ दिवसांत आकडे असे सोडवले की मला फक्त शेजारी बसायचं काम उरलं. सगळं स्वतःला यायला हवं असं नाही, कुणाला काय येतं ते माहीत असलं तरी भागतं.

आणि एक पथ्य. वर्षभर माझ्या मुलीचा एकही विषय मी सभेत काढला नाही. तिचे गणितात मार्क कापले गेले तेव्हा जीभ चावून गप्प बसले आणि ओपन डेला इतर पालकांसारखी रांगेत उभी राहून बाईंना भेटले. एकदा जरी घरचं गाऱ्हाणं सभेत आणलं असतं, तर पुढच्या प्रत्येक पत्राकडे त्याच नजरेनं बघितलं गेलं असतं.

सभा मंगळवारी सकाळी अकराला असायची. ती शनिवारी संध्याकाळी घ्यायला लावली, तर पहिल्यांदा दुकानवाले, रिक्षावाले, कंपनीतले बाबा लोक आले. बोलले फारसे नाहीत, पण व्हॅनमध्ये किती मुलं कोंबतात हे त्यांच्यातल्याच एकानं उभं राहून सांगितलं.

भाजीवाल्याकडे भेटलेल्या ताई, तुमचं नाव निघालं तर घरी या. माझी फाइल देते. त्यात एक पत्र अजून उत्तराविना आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या पंख्यांचं. पोचेची तारीख 4 मार्च.