कोटीची गाडी, पाच रुपयांचं ब्लेड

गाडी दारात आली, पूजा झाली, साताऱ्याहून मागवलेले कंदी पेढे वाटून झाले. आता तिचा रंग जपायचं तुमच्या मनात आलंय. उत्तम. परवाच एका लाल स्पोर्ट्स कारच्या बॉनेटवर रंग जपायला चिकटवलेली जुनी पारदर्शक फिल्म उचकटून काढली. खाली जे दिसलं त्यावरून चार हिताच्या गोष्टी तुम्हाला सांगाव्याशा वाटल्या.

दुकान रस्त्याला लागून असलेलंच बघा. शटर सताड उघडं हवं, गळिताच्या हंगामात समोरून उसाच्या ट्रॉल्या जायला हव्यात. मार्केट यार्ड जवळ असेल आणि हळदीची पूड उडत असेल तर सोन्याहून पिवळं. फिल्मखाली अडकलेला कण पुन्हा बाहेर येत नाही. पांढऱ्या गाडीवर पाहुण्यांना मोजून दाखवता येतात.

रंगाची तयारी वगैरे करत बसू नका. लोखंडाचे कण विरघळवणारा आयर्न रिमूव्हर, मग रुतलेली घाण ओढून काढणारी मऊ क्ले, मग पॉलिश, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढणं, ही सगळी बिल वाढवायची थेरं. फडकं मारा आणि फिल्म टाका. शोरूमच्या पोरानं कोरड्या फडक्यानं उठवलेले गोल ओरखडे फिल्मखाली पुढची पाच-सात वर्षं सुखरूप राहतील.

फिल्म सरकवून बसवायला मारतात त्या फवाऱ्यात पाणी बोअरचंच भरा, शाम्पू सढळ हातानं ओता. एक लिटर आरओच्या पाण्याला बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब पुरतात म्हणे, पण आपल्याकडं काय कमी आहे? साबण जास्त झाला की गोंद धरत नाही आणि क्षारांचे पांढरे डाग आत छान वाळतात.

फिल्मच्या आधी सिरॅमिक, म्हणजे रंगावरचा तो चकचकीत पातळ लेप, करून घ्या. मग गोंद चिकटला नाही की फिल्मच्या कंपनीला शिव्या घाला.

खरं तर फिल्म हवीच कशाला? नुसतं सिरॅमिक पुरे, फ्लेक्सवर '९एच, हिऱ्याइतकं कडक' असं लिहिलेलंच असतं. हे ९एच म्हणजे पेन्सिलच्या शिशाची मोजपट्टी आहे, त्या पेन्सिलीनं ओरखडा उठत नाही एवढाच त्याचा अर्थ, असले बारकावे विचारून कुणाचा मूड घालवू नका. कंपनीतून आलेला रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १३० मायक्रॉन, सिरॅमिकचा थर एखाद-दुसरा मायक्रॉन. पाणी ओघळतं, चकाकी येते, चिलटं आणि पक्ष्यांची घाण लवकर निघते, इथपर्यंत त्याची मजल. खंबाटकीत पुढच्या डंपरमधून सुटलेली खडी मात्र फ्लेक्स वाचत नाही. तिला अडवायला १५० ते २०० मायक्रॉनची टीपीयू, म्हणजे लवचिक पॉलियुरेथेनची, फिल्मच लागते. ती फक्त पुढं लावून मागच्या चाकांच्या कमानी उघड्या सोडा. रुंद, चिकट टायर पुढची खडी उचलून तिथंच मारतात, पण मागं बघतंय कोण!

रोल ६० इंच रुंद, ५० फूट लांब येतो. त्यात अख्खी गाडी बसवून वर फिल्म उरवणारा कारागीर मिळाला तर त्याला सोडू नका. तो बंपरवर फिल्म वीतभर ताणतो, हीट गन मारतो, फोटो झकास येतो. ताणलेली फिल्म मात्र मूळ मापाला परत यायला बघते, आणि आठवडाभरात कोपरे वर येतात. मग त्यात धूळ बसते, कडेनं काळी रेघ धरते.

टीपीयूच्या भावात स्वस्तातली पीव्हीसीची फिल्म घ्या. दोन उन्हाळ्यांत पिवळी पडेल.

आणि आता ब्लेड. प्लॉटरवर, म्हणजे कापायच्या मशीनवर, गाडीच्या मापानं आधीच कापलेली फिल्म मागू नका. बॉनेटवर फिल्म पसरून कडेकडेनं सर्रकन ब्लेड फिरवणारा कलाकारच हवा. 'हात बसलाय आमचा', म्हणतो तो. वर १५० मायक्रॉनची फिल्म, खाली ४०-५० मायक्रॉनचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर. फिल्म पूर्ण कापायची आणि ब्लेड त्या पातळ थराच्या तोंडाशी थांबवायचं, तेही वळणावर, बोटांच्या अंदाजानं. कुणाचा हात बसलाय असा? परवाच्या बॉनेटवर हेडलाइटच्या कडेनं दोन समांतर रेघा होत्या, म्हणजे पहिल्यांदा चुकलं म्हणून पुन्हा फिरवलेलं. नख अडकत होतं. नख अडकलं की ते पॉलिशनं जात नाही, क्लिअर कोट संपलेला असतो. पत्रा असेल तर गंज, ॲल्युमिनियम असेल तर रंगाखाली पांढरे फोड. म्हणजे बॉनेट रंगवा, निदान महिनाभर थांबा, मग पुन्हा फिल्म. विकताना समोरचा माणूस रंगाची जाडी मोजायचा मीटर लावतो, आकडा दुप्पट येतो आणि 'ॲक्सिडेंटची दिसतेय' म्हणून भाव पाडतो.

अहो, हे सगळं टाळता येतं! धाग्याची टेप मिळते, ती फिल्मखाली टाकून धागा ओढला की ब्लेडविना फिल्म कापली जाते. कड पाच मिलिमीटर आत दुमडता येते. पण त्याला वेळ लागतो, आणि तुम्हाला गाडी संध्याकाळी पाहिजे! गाडीसाठी महिनोन्‌महिने वाट बघता, फिल्मसाठी चार दिवस निघत नाहीत? आणि तुम्ही दुकानवाले, आठ दिवस व्हिडिओ बघून दुसऱ्याच्या गाडीवर हात शिकता, लाज नाही वाटत? शिकायचं तर भंगारातलं बॉनेट आणा.

काम सुरू व्हायच्या आधी मीटर लावून प्रत्येक पॅनेलचा आकडा लिहून घ्या. रोलचा खोका तुमच्यासमोर उघडायला लावा, त्यावरचा नंबर वॉरंटीच्या कार्डावर आहे का बघा. नसेल तर ती वॉरंटी नाही, झेरॉक्स आहे. आणि रंगावर ब्लेड टेकताना दिसलं की तिथल्या तिथं हात धरा, चावी घ्या आणि गाडी बाहेर काढा, अर्धी फिल्म लोंबत असली तरी.