निवारा केंद्रात चांगुलपणा कमी पडत नाही, संडास कमी पडतात

कुठेही मोठी आपत्ती आली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ओळखीपाळखीचे लोक विचारायला लागतात, "निवारा केंद्रावर येऊन काम करायचंय, काय करू?" मी म्हणते, "रात्री दोन ते सहा संडासापाशी दिवा आणि पाणी बघायला कोणीतरी हवंय. याल?" बोलणं बहुतेक वेळा तिथेच संपतं. विचारणाऱ्याच्या मनात काही खोट नसते. त्याच्या डोळ्यांसमोर जेवण वाढणं असतं, पोरांना खेळवणं असतं, एखाद्या आजीचा हात हातात घेऊन बसणं असतं. तेही लागतंच, पण त्याला माणसं मिळतात. पोस्ट लांबलीय, सवडीने वाचा.

माझं म्हणणं असं आहे की निवारा केंद्रात आलेल्या माणसाची अब्रू स्वयंसेवकाच्या गोड बोलण्याने राखली जात नाही, तिथल्या व्यवस्थेने राखली जाते. घर गेलं त्याबरोबर दाराची कडी गेली, आरसा गेला, एकटं बसून रडायची सोय गेली. जेवायचं कधी, अंघोळ कधी, दिवे मालवायचे कधी, सगळं आता दुसरंच कोणीतरी ठरवतं. अशा माणसाला पहिल्या दिवशी कोणी मायेने बोललं की भरून येतं. आठव्या दिवशी त्याच मायेचा राग यायला लागतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. त्याला तेव्हा रांग पुढे सरकायला हवी असते.

तर संडासापासूनच सुरुवात करू. जगभरच्या मदतकार्यात 'स्फिअर' नावाचे किमान निकष वापरतात. रेडक्रॉस-रेड क्रेसेंट चळवळ आणि अनेक स्वयंसेवी संस्थांनी मिळून १९९७ साली हे काम सुरू केलं. त्यात पहिल्या धावपळीच्या दिवसांत ५० माणसांमागे एक संडास चालवून घ्या असं म्हटलंय, पण बस्तान बसलं की २० माणसांमागे एक हवा. बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट. आतून लागणारी कडी हवी, उजेड हवा, वापरलेली पॅड टाकायची सोय हवी. पाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर, पिण्याचं, स्वयंपाकाचं, धुण्याचं सगळं धरून. आणि राहायला माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा, म्हणजे अंथरूण, उशाशी एक पिशवी आणि कोणाला धक्का न लागता कूस बदलता येईल एवढी मोकळीक.

कागदावर हे आकडे कोरडे वाटतात. संडास लांब असला, वाटेत अंधार असला की काय होतं ते बघितलं की कोरडे वाटत नाहीत. बायका संध्याकाळनंतर पाणी पिणंच सोडतात. म्हातारी माणसं तर दुपारपासून. रात्री उठलं तर शेजारच्याच्या अंगावर पाय पडेल, रांगेत उभं राहवणार नाही, पोराला उठवावं लागेल, असा सगळा हिशेब मनात चालू असतो. तोंडाने कोणी सांगत नाही. मग लघवीला जळजळ, चक्कर, पाय सुजणं. डॉक्टर गोळ्या देतात आणि पाणी भरपूर प्या म्हणतात. बाई मान डोलावते आणि पीत नाही.

असे हाल जिवावरही बेततात. आपत्तीतून वाचून नंतरच्या हालांनी गेलेल्यांची जपानमध्ये वेगळी सरकारी नोंद ठेवतात. एप्रिल २०१६ मध्ये कुमामोतोला भूकंप झाला. घरं पडून, दरडी कोसळून ५० माणसं गेली. नंतरच्या हालअपेष्टांमुळे, ताणामुळे आणि उपचारांत खंड पडल्यामुळे गेलेल्यांची संख्या दोनशेच्या वर आहे. पुन्हा हादरे बसतील या भीतीने कितीतरी कुटुंबं गाडीत झोपत होती. पाय आखडून, पाणी कमी पिऊन पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर स्थलांतराच्या आणि निवाऱ्यातल्या हालांमुळे झालेल्या मृत्यूंची नोंद साडेतीन हजारांवर गेली, त्यात बहुसंख्य वृद्ध. म्हणजे ज्यांना लाटेने सोडलं होतं ती ही माणसं. मी रात्रीच्या दिव्यासाठी भांडते ते यासाठी.

साबणाचंही तेच. २००५ साली अमेरिकेत कॅटरिना वादळानंतर ह्यूस्टन शहरातल्या भल्यामोठ्या निवारा केंद्रात नोरोव्हायरस पसरला, उलट्या-जुलाबांनी माणसं हैराण झाली. या विषाणूपुढे सॅनिटायझरचा फारसा इलाज चालत नाही, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. संडासाबाहेर आणि जेवणाच्या रांगेच्या तोंडाशी साबण संपू न देणं हे एका माणसाचं पूर्ण पाळीचं काम आहे. कोणी टाळ्या वाजवत नाही, पण आहे.

आता नोंदणीचं टेबल. मला विचाराल तर अख्ख्या केंद्रातली सगळ्यात महत्त्वाची जागा ही, आणि तिथे बहुतेक ठिकाणी सगळ्यात नवा मुलगा बसवलेला असतो. का, तर त्याचं अक्षर चांगलं आहे म्हणून! कॅटरिना आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या रिटा वादळात मुलांची आणि घरच्यांची ताटातूट झाल्याच्या पाच हजारांहून जास्त नोंदी झाल्या होत्या. शेवटचं मूल घरच्यांपर्यंत पोचायला मार्च २००६ उजाडला. वादळं ऑगस्ट-सप्टेंबर २००५ मधली. यातली प्रत्येक नोंद कुठल्यातरी टेबलावर, कुठल्यातरी दमलेल्या माणसाने लिहिलेली असणार. नावाचं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर काय होतं, विचार करा.

त्यामुळे नाव लिहिताना घरात काय हाक मारतात तेही विचारा. कोण बरोबर आहे आणि कोण सापडत नाही, हे वेगळं लिहा. रोजची औषधं कुठली हे विचारा, इन्सुलिन आणि फिट्सच्या गोळ्या तर पहिल्याच भेटीत. कोणी गरोदर आहे का, कोणाला ऐकू येत नाही का, कोणाला चालता येत नाही का. हे एकदाच विचारा आणि नीट लिहून ठेवा. एकाच बाईला दिवसभरात चार जण चार वह्या घेऊन "तुमचं काय काय गेलं?" विचारतात. चौथ्यांदा सांगताना तिचा आवाज सपाट झालेला असतो, आणि तो चौथा नंतर चहा पिताना म्हणतो, "हिला काही वाटत नाहीये बहुतेक." संताप येतो.

आणि ते रजिस्टर उघडं टाकून जेवायला जाऊ नका. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून लांब गेलेली बाईही त्याच छताखाली असते. "माझी बायको इथे आहे का हो?" म्हणून कोणी आलं तर हो किंवा नाही काहीच सांगायचं नाही. निरोप घ्यायचा, आत जाऊन तिला विचारायचं, भेटायचं की नाही ते ती ठरवेल. एकट्या मुलाला न्यायला कोणीही काका-मामा म्हणून आलं तर केंद्रप्रमुख आणि बालसंरक्षणाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्यांच्या पडताळणीशिवाय मूल हातात द्यायचं नाही, समोरचा कितीही रडला तरी. इथे मऊ मनाचा स्वयंसेवक धोक्याचा ठरतो. कठोर वाटेल, पण तसंच आहे.

टेबलाशेजारी एक फळा हवा. त्यावर जेवणाच्या वेळा, डॉक्टर कधी येणार, पंचनाम्याचे लोक कधी येणार, आणि शेवटी एक ओळ: "पुढची माहिती संध्याकाळी ६ वाजता." सहा वाजता सांगण्यासारखं काही नसलं तरी सहा वाजता येऊन "अजून काही कळलेलं नाही, आता रात्री ९ ला सांगतो" असं लिहायचंच. (ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हेच मोठ्याने सांगायचं, आणि ऐकू न येणाऱ्याला फळ्यापाशी घेऊन यायचं.) अफवा थांबवायचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. वेळ पाळली गेली की अर्धी भांडणं होतच नाहीत.

कपड्यांबद्दल थोडक्यात, कारण या विषयावर बोलून बोलून तोंड दुखलंय. १९५७ साली चार्ल्स फ्रिट्झ आणि मॅथ्यूसन या अभ्यासकांनी लिहून ठेवलं की आपत्तीच्या जागी माणसं, निरोप आणि वस्तू यांचा लोंढा येतो आणि तो आवरणं हेच एक वेगळं संकट होऊन बसतं. तेव्हापासून काही फरक पडलेला नाही. तुमच्या कपाटातले जुने कपडे निवडायला, घड्या घालायला आणि शेवटी फेकायला तिथली माणसं खर्ची पडतात. वापरलेली अंतर्वस्त्रं पाठवणाऱ्यांना मी काय म्हणते ते इथे लिहिता येणार नाही. पैसे द्या, नाहीतर केंद्राने जे मागितलंय तेच द्या.

बाळाच्या दुधाच्या पावडरीचं मात्र नीट सांगायला हवं, कारण ती पाठवणाऱ्याला आपण फार मोठं काम केल्यासारखं वाटतं. २००६ मध्ये इंडोनेशियात योग्यकार्ताच्या भूकंपानंतर पावडरीचे डबे सरसकट वाटले गेले. ज्या घरांना ते मिळाले त्या घरांतल्या लहान मुलांत जुलाबाचं प्रमाण इतरांच्या दुप्पट निघालं. पाणी खराब, बाटली उकळायची सोय नाही, आणि पाजणाऱ्या आयांचंही पाजणं कमी होतं. ज्या बाळाला पावडरीशिवाय पर्याय नाही त्याला ती द्यावीच लागते, पण डॉक्टर किंवा नर्सच्या देखरेखीखाली, स्वच्छ पाणी आणि भांड्यांसकट. बाकी आयांना एक आडोसा, बसायला जागा आणि दोन वेळचं पोटभर जेवण द्या.

मन मोकळं करायला लावणाऱ्यांचा एक वर्ग असतो. जवळ येऊन बसतात, डोळ्यांत बघतात, "बोला ना, काय काय झालं?" म्हणतात. कृपा करून हे करू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली, तिचं सगळं सूत्र तीन क्रियापदांत आहे: बघा, ऐका, जोडून द्या. यात 'विचारून काढा' हे चौथं नाही. घडलेलं सगळं बोलायला लावू नये असंच त्यात सांगितलंय. समोरचा आपणहून बोलला तर ऐकायचं. नाही बोलला तर त्याला चार्जर कुठे लावायचा ते दाखवायचं आणि मुलीला फोन लावून द्यायचा, म्हणजे झालं जोडून देणं.

फोटो काढायचे नाहीत. रिकाम्या मंडपाचा काढा, भांड्यांचा काढा. माणसांचा नाही, पाठमोरा नाही, परवानगी घेऊनही नाही, कारण ज्याच्या हातात ताट तुम्ही दिलंय तो तुम्हाला नाही कसं म्हणेल?

सगळ्यात जास्त वाद जिथे होतात ती गोष्ट म्हणजे राहणाऱ्यांनी काम करावं की नाही. "त्या बिचाऱ्यांवर एवढं ओढवलंय, त्यांना कशाला त्रास" असं म्हणून स्वयंसेवक सगळं स्वतः उरकतात. मला हे पटत नाही. जपानमधल्या १९९५ च्या कोबे भूकंपात ढिगाऱ्यातून जिवंत काढलेल्या बहुतेक माणसांना घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच काढलं होतं. पथकं नंतर आली. म्हणजे काल ज्याने चार जणांना ओढून काढलं, त्याला आज आपण सतरंजीवर बसवून ताट हातात देतो आणि उठू नका म्हणतो. त्या सभागृहात गवंडी असतो, शिक्षिका असते, शंभर माणसांचा स्वयंपाक डोळे मिटून करणारी बाई असते. स्वयंपाकघराच्या, सफाईच्या, रात्रीच्या पहाऱ्याच्या पाळ्यांची यादी त्यांनाच करू द्या. ज्याला झेपत नाही त्याच्यावर सक्ती नको, दुखवट्यात असलेल्याला तर विचारूही नका. पण राहणाऱ्यांची एक समिती हवी, तिच्यात बायका हव्यात, आणि तिने "ही वेळ बदला" म्हटलं तर वेळ बदलायला हवी. नुसती बैठक घेऊन वहीत सह्या करायच्या असतील तर त्यापेक्षा नको.

यावर एका जुन्या सहकाऱ्याचं म्हणणं असं की समितीत गावातले दांडगेच घुसतात आणि वाटप आपल्या माणसांना करतात. खरं आहे, होतं तसं. म्हणून वाटपाची यादी फळ्यावर लावायची आणि एकट्या बाया, अपंग, भाडेकरू यांचा माणूस समितीत आहे का ते बघायचं. दांडग्यांची भीती म्हणून कोणालाच काही ठरवू द्यायचं नाही, हा उपाय मला मान्य नाही.

कोबेमध्ये पुढच्या वर्षभरात दहा लाखांहून जास्त स्वयंसेवक आले. जपानमध्ये १९९५ ला 'स्वयंसेवेचं पहिलं वर्ष' म्हणतात आणि १७ जानेवारी हा दिवस त्यासाठी पाळतात. गर्दी मात्र सगळीकडे सुरुवातीलाच होते. तिसऱ्या आठवड्यात बातम्या थांबतात, स्वयंसेवकांच्या सुट्ट्या संपतात, जेवण देणारे कमी होतात, आणि केंद्रात उरतात ते ज्यांना जायला जागाच नाही असे लोक. भाडेकरू, ज्यांच्या नावावर घर नव्हतं म्हणून भरपाईच्या यादीत नाव नाही असे, एकटे म्हातारे, कागदपत्रं वाहून गेलेले. या लोकांना तेव्हा अर्ज भरून देणारा, कार्यालयात बरोबर येणारा, फोनवर तासभर थांबणारा माणूस लागतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि दोन दिवसांत संपत नाही.

म्हणून यायचं असेल तर आधी केंद्रावर फोन करा. "काय मदत करू?" असं विचारू नका, तिथल्या माणसाला तुमच्यासाठी काम शोधायला वेळ नसतो. तुमच्याकडे काय आहे ते सांगा: गाडी चालवता येते, हिशेब लिहिता येतो, खुणांची भाषा येते, पुढचे सहा शनिवार रात्रपाळी करू शकतो. राहायची-जेवायची सोय स्वतःची करा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय ते बघून घ्या, आणि पाळी संपली की खरोखर झोपा. पहिल्या आठवड्यात फोन उचलला नाही तर रागावू नका, गाडी काढून तडक येऊ तर मुळीच नका. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा लावा. तेव्हा पहिल्याच रिंगला उचलतील.