‘लेदर’ म्हणून बसवलेल्या सीट कव्हरच्या तक्रारीला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. फोटोही मोठे करून पाहिले. तुम्ही लिहिलंय की लेदर म्हणून बसवलेल्या कव्हरचे दोन वर्षांत पापुद्रे निघाले, सीटच्या बाजूची शिवण आम्ही वेगळ्या दोऱ्याने आणि कच्ची मारली, आणि विचारायला आलात तेव्हा ‘तुम्ही कापडच घ्यायला हवं होतं’ असं ऐकवून वर स्वस्तातलं कापड गळ्यात मारायचा प्रयत्न केला.

पापुद्र्यांची चूक आमची आहे. बिलावर ‘पीयू’ लिहिलेलं होतं हे खरं, पण काउंटरवर बोलताना आमच्या तोंडी ‘लेदर’ हाच शब्द होता. ज्या दोन अक्षरांचा अर्थ गिऱ्हाइकाला सांगितलाच नाही, ती बिलावर असून नसून सारखीच. या धंद्यात रेक्झिनपासून अस्सल चामड्यापर्यंत सगळ्याला सर्रास लेदर म्हणतात. आम्हीही तेच केलं.

तुमच्या सीटवर चामडं नाही. खाली विणलेलं कापड आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पातळ थर, म्हणजे पीयू. नवं असताना ते इतकं मऊ लागतं की जाणकाराचाही हात फसतो. पण उष्णता आणि ओलावा एकत्र आले की या थरातले रासायनिक बंध हळूहळू तुटतात, आणि मग तो खालच्या कापडापासून सुटतो. सगळं पीयू सारखं नसतं. पॉलिकार्बोनेट प्रकारचं पीयू हा मारा बराच काळ सोसतं, पॉलिएस्टर प्रकारचं लवकर हार मानतं. तुमच्या फोटोत पापुद्रे आहेत ते चालकाच्या पाठीशी, जिथे घाम मुरतो, आणि दाराकडच्या उंचवट्यावर, जिथे चढता-उतरता रोज घासलं जातं. मागची सीट अजून धड दिसते. तेव्हा तुम्ही गाडी नीट ठेवली नाहीत वगैरे सबब मी सांगणार नाही.

पीव्हीसीचं, म्हणजे ज्याला आपण रेक्झिन म्हणतो त्याचं, दुखणं निराळं. ते मुळात कडक प्लास्टिक; मऊ राहावं म्हणून त्यात घातलेली द्रव्यं उन्हाच्या तापाने बाहेर पडत राहतात. काचेवर आतून धुरकट तेलकट थर जमतो, त्याचं एक कारण हेच. द्रव्यं कमी झाली की रेक्झिन कडक होतं आणि तडकतं.

अस्सल चामड्याचे असे पापुद्रे निघत नाहीत. त्यावरही रंगाचा आणि संरक्षक लेप असतो, तो झिजतो, सुरकुत्या पडतात, पण खालचा तंतूंचा जाड थर शिल्लक असल्याने पुन्हा रंग देता येतो. ओळखायचं तर वरून हात फिरवून नाही, कापलेली कड बघून. चामड्याची कड सगळीकडे तंतुमय दिसते. पीयूच्या कडेला खाली कापडाची वीण आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा वेगळा दिसतो. चामड्याचा भुगा चिकटवून केलेलं ‘बाँडेड लेदर’ही मिळतं. नावात लेदर असलं तरी ते पीयूसारखंच सोलतं. कारखान्यातून ‘लेदर सीट’ म्हणून येणाऱ्या कितीतरी गाड्यांतही अंग टेकतं तेवढ्याच भागाला चामडं असतं. बाजू आणि पाठ रेक्झिनची.

आता कापडाबद्दल. आमच्या माणसाने ते ज्या सुरात सांगितलं तो सूर चुकीचा होता, आणि सांगायची वेळ तर त्याहून चुकीची. हे दोन वर्षांपूर्वी, कापायला बसण्याआधी सांगायचं असतं. पण सल्ला टाकाऊ नव्हता. गाडी दिवसभर उघड्यावर उभी असते असं तुम्हीच सांगितलं होतं. तासभर उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीत सीटचा पृष्ठभाग सहज 50 अंशांच्या वर जातो, चामडं असो वा कापड. फरक पडतो तो अंगाला लागण्यात. गुळगुळीत पृष्ठभाग कातडीला पूर्ण चिकटतो आणि चटका देतो; कापडाच्या तंतूंत हवा अडकलेली असते, म्हणून उष्णता सावकाश येते. शिवाय घामाची वाफ कापडातून निघून जाते. लांबच्या प्रवासात पाठ ओली का राहते याचं उत्तर यातच आहे. चामड्याला बारीक भोकं पाडली तर थोडा आराम पडतो, पण खालून हवा खेळवणारा पंखा नसेल तर थोडाच.

आणि कापड म्हणजे कमी दर्जाचं, हे मला कधी पटलं नाही. सुरुवातीच्या आलिशान मोटारींत चालक उघड्यावर बसायचा, म्हणून पावसापाण्याला टिकणारं चामडं त्याच्या वाट्याला; मागे बंद भागात मालक लोकरी कापडावर बसत. टोयोटाच्या सेंच्युरी या बड्यांच्या गाडीतही लोकरी कापडाची सीट देतात. ती करकरत नाही.

कापडाचे दोषही सांगतो, नाहीतर पुन्हा तेच होईल. काही सांडलं की ते थेट खालच्या फोममध्ये उतरतं आणि वास महिनोन्‌महिने जात नाही. लहान मुलं किंवा कुत्रा रोज गाडीत असेल तर मी स्वतः कापड सुचवत नाही. पुसून निघणारं काहीतरी हवं, मग फिका रंग टाळा, कारण नव्या जीन्सची निळाई त्यावर उतरते आणि सहसा निघत नाही.

राहिली ती शिवण. तिथे मात्र मी मागे हटणार नाही. तुमच्या पुढच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला एअरबॅग आहे. धडक बसली की ती कव्हर फाडून बाहेर येते, पापणी लवायच्या आत. त्यासाठी नेमकी तीच शिवण ठरलेल्या जोराला उसवावी लागते, म्हणून तिथला दोरा मुद्दाम वेगळा आणि कमी ताकदीचा. तुम्हाला ती ‘कच्ची’ वाटली, यात नवल नाही. ती तशीच हवी. सगळीकडे एकसारखी दुहेरी पक्की शिलाई मारून देणारे पुष्कळ आहेत. दिसायला ते काम सुरेख असतं. ते आम्ही करणार नाही, तारे कितीही कमी झाले तरी. मात्र असं का केलं हे गाडी ताब्यात देताना दाखवायला हवं होतं. ते राहिलं.

पुढच्या दोन्ही सीट पुन्हा करून देतो, मजुरी आणि माल आमचा. कापड घ्या, अस्सल चामडं घ्या किंवा चांगल्या प्रतीचं पीयू घ्या, तुमची निवड. मी मत विचारल्याशिवाय देणार नाही. प्रत्येकाचा कापलेला तुकडा हातात देईन, कड बघून ठरवा. मागची सीट आज ठीक दिसली तरी माल तोच आहे, तिचे पापुद्रे निघाले तर तीही याच बोलीत. बिलावर यापुढे मालाचं नाव मराठीत, फोड करून लिहायला सुरुवात केली आहे.

येताना गाडी दिवसभर ठेवायच्या तयारीने या. सीट खोलण्याआधी बॅटरी सोडवून थोडं थांबावं लागतं, मगच सीटखालचा एअरबॅगचा पिवळा कनेक्टर काढता येतो, आणि त्या कामात मी कुणाला घाई करू देत नाही.